एका गाण्याला चार शास्त्रांची साक्ष

शिरपूरहून आग्रा रोडने उत्तरेला निघाले, की पळासनेर मागे पडते आणि गाडी बिजासनच्या घाटाला लागते. घाट चढला की सेंधवा, म्हणजे निमाडचा मुलूख. उलट दक्षिणेला उतरावे तर तापी. तापीच्या काठाने पश्चिमेला गेले तर गुजरात आणि पूर्वेला गेले तर बऱ्हाणपूर. अशा चौवाटेवर हा तालुका वसलेला आहे. त्यामुळे इथल्या बाजारात अहिराणी, पावरी, भिली, गुजरी, गुजराती, हिंदी आणि मराठी अशा भाषा एकाच दिवशी कानावर पडतात. भाजी घेणारी बाई एका भाषेत भाव विचारते, विकणारा दुसऱ्या भाषेत सांगतो, आणि दोघांचेही काही अडत नाही.

आता याच भागात गायले जाणारे एखादे गाणे घ्या. ते कोणाचे? मराठीचे, गुजरातीचे, निमाडीचे, की कोणाचेच नाही? वरवर पाहता हा प्रश्न साहित्याचा आहे. पण उत्तर शोधायला बसलो, की साहित्याचा अभ्यासक एकटा पुरा पडत नाही. भाषाशास्त्रज्ञाला विचारावे लागते, इतिहासकाराला विचारावे लागते, लोकजीवनाच्या अभ्यासकाला विचारावे लागते, आणि शेतकऱ्यालाही. तौलनिक साहित्याभ्यास नावाची जी विद्याशाखा आहे, तिचे मर्म याच गोष्टीत आहे.

तुलना कोठून आली?

तुलनेची ही पद्धत साहित्याने इतर शास्त्रांकडून घेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी युरोपात 'तौलनिक' हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला होता. क्यूव्हिएने प्राण्यांच्या सांगाड्यांची तुलना करून तौलनिक शरीररचनाशास्त्र उभे केले. त्याआधी १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, असे सांगितले होते. त्या धाग्यावरून १८१६ मध्ये फ्रान्झ बॉप यांनी तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. हाडांची तुलना होते, क्रियापदांची तुलना होते, मग कवितांची का नको, असा विचार ओघाने आलाच. १८२७ मध्ये जर्मन कवी गटे 'विश्वसाहित्या'विषयी बोलू लागला. १८५९ मध्ये थिओडोर बेन्फाय यांनी पंचतंत्राचे जर्मन भाषांतर केले आणि आपल्याकडच्या गोष्टी अरबी-फारसीतून युरोपात कशा पोचल्या, याचा माग काढला. गोष्टीचा प्रवास शोधायचा, तर व्यापाराचे रस्ते, धर्मप्रचार आणि भाषांतरे यांचा अभ्यास आलाच.

पुढे या अभ्यासाला एक खोड लागली. कोणत्या लेखकाने कोणाकडून काय घेतले, याचे जमाखर्च मांडण्यात पंडित मंडळी रमली. १९५८ मध्ये रेने वेलेक यांनी या प्रकारावर कडक टीका केली. १९६१ मध्ये हेन्री रेमाक यांनी व्याख्या मांडली, तिचे दोन भाग होते. एक, साहित्याचा अभ्यास एका देशाच्या सीमेबाहेर न्यायचा. दोन, साहित्याचा इतर कला, तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्रे, विज्ञान आणि धर्म यांच्याशी असलेला संबंध तपासायचा. आपल्या देशात रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०७ सालीच कलकत्त्याच्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिले होते. १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे टागोर अध्यासन झाले. ते भूषविणाऱ्या वसंत बापटांनी 'तौलनिक साहित्याभ्यास' हे पुस्तक मराठी वाचकाला दिले.

ही झाली विद्यापीठांची हकीकत. पण विद्यापीठांत या विषयाचे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी खानदेशात हे काम सुरू झाले होते.

धुळ्याची परंपरा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना आपण इतिहाससंशोधक म्हणून ओळखतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे बावीस खंड, गावोगाव फिरून गोळा केलेली दप्तरे, हे सारे आपल्याला ठाऊक असते. पण त्यांच्या लेखनाची सुरुवात कोठे झाली, हे पाहण्यासारखे आहे. १८९४ मध्ये त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले आणि प्लेटोचा 'रिपब्लिक' मराठीत आणला. १९०२ मध्ये त्यांनी 'कादंबरी' हा निबंध लिहिला. त्यात युरोपातील कादंबरीशेजारी मराठी कादंबरी ठेवून त्यांनी तिची परखड झाडाझडती घेतली. १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत प्रसिद्ध केली, ती केवळ भक्तिग्रंथ म्हणून नव्हे. तिच्या आधारे जुन्या मराठीचे व्याकरणही मांडले. म्हणजे काव्यातून भाषाशास्त्र निघाले.

१९२२ मध्ये त्यांनी जयराम पिंड्ये या कवीचा 'राधामाधवविलासचंपू' संपादून प्रसिद्ध केला. शहाजीराजांच्या दरबाराशी संबंधित असलेले हे काव्य मुळात संस्कृत आहे. पण त्याच्या अखेरच्या भागात निरनिराळ्या देशभाषांतील रचना येतात. सतराव्या शतकातल्या एका मराठा सरदाराच्या दरबारात इतक्या भाषांचे कवी एकत्र येत होते, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात जितकी महत्त्वाची, तितकीच राजकीय इतिहासातही. संस्कृतच्या पंडिताने फक्त संस्कृत वाचले असते आणि इतिहासकाराने फक्त शहाजीराजांचे नाव शोधले असते, तर हा ग्रंथ अर्धाच कळला असता. राजवाड्यांनी त्याला विस्तृत प्रस्तावना लिहिली ती याचसाठी.

आयुष्याच्या अखेरच्या काळात राजवाडे धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि लगेच १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभे केले. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी नाकारल्या, हेही सांगितले पाहिजे. शब्दाचे साम्य दिसले की ते कधीकधी फार लांब उडी घेत. पण दप्तर, काव्य, व्याकरण आणि समाजरचना ही एकमेकांची साक्षीदार आहेत, हा त्यांचा धडा मात्र टिकला.

अमळनेरचीही आठवण येथे केली पाहिजे. प्रतापशेठजींच्या देणगीतून १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. त्या ओढीने आलेले साने गुरुजी पुढे तेथेच शिक्षक झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांचा 'कुरळ' त्यांनी मराठीत आणला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती टिपून घेणारेही गुरुजीच. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हा त्यांचा आंतरभारतीचा विचार म्हणजे तौलनिक साहित्याला दिलेले नैतिक अधिष्ठानच म्हणायचे.

'गावचा', 'गावना' आणि 'गामनो'

आता भाषेकडे वळू. मराठीत आपण 'गावचा' म्हणतो, अहिराणीत 'गावना' म्हणतात आणि गुजरातीत 'गामनो'. मराठीत 'आहे', अहिराणीत 'शे', गुजरातीत 'छे'. एवढ्या दोन उदाहरणांवरूनच लक्षात येईल, की अहिराणी कोणाच्या पंक्तीला बसवायची हा प्रश्न सोपा नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात खानदेशी नव्हती. ती आली १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांच्या सोबत. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत अहिराणी ही मराठीची बोली म्हणून येते. जनगणनेत मात्र 'खानदेशी' ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते.

एकाच भाषेला तीन दारांत तीन जागा मिळाल्या. यात कोण बरोबर, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी जरूर करावा. पण साहित्याच्या अभ्यासकाला या वादापासून दूर राहता येत नाही. कारण अहिराणीला मराठीची बोली म्हटले, की तिच्या गाण्यांची तुलना मराठी ओव्यांशीच होते. गुजरातीची बहीण म्हटले, की गरब्याकडे लक्ष जाते. भिलीच्या शेजारी ठेवले, की सातपुड्याच्या गाण्यांकडे कान जातो. वर्गीकरण भाषेचे होते आणि त्याचा परिणाम साहित्याच्या वाचनावर होतो.

'अहिराणी' या नावाची गोष्टही अशीच. नाव अहिरांशी, म्हणजे प्राचीन आभीरांशी जोडले जाते. आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहे. काव्यात आभीर आदींची भाषा तिला अपभ्रंश म्हणावे, असे दंडीने 'काव्यादर्शा'त नोंदविले आहे. शिलालेख हा इतिहासाचा पुरावा, दंडीचे वचन हा काव्यशास्त्राचा. दोन्ही हाताशी आहेत, पण त्यांवरून आजची अहिराणी थेट आभीरांच्या मुखातून आली असे सिद्ध होत नाही. मधल्या शतकांचा दुवा भाषाशास्त्रालाच जोडावा लागेल.

कानबाई, रानबाई आणि रनुबाई

श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देतात, रोट करतात, रात्र गाण्यांनी जागवतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन करतात. कानबाईसोबत रानबाईचेही नाव घेतले जाते. आता बिजासनचा घाट चढून निमाडात जा. तिकडे चैत्रात गणगौर बसते. टोपल्यांत गव्हाचे जवारे पेरतात आणि बाया जिची गाणी म्हणतात, त्या देवीचे नाव असते रनुबाई. तिच्या नवऱ्याला धणियर राजा म्हणतात.

रानबाई आणि रनुबाई. घाटाच्या दोन बाजूंना इतकी सारखी नावे. मग या दोघी एकच का? उत्साही माणूस लगेच हो म्हणेल. तौलनिक अभ्यासाची खरी परीक्षा येथेच असते.

शक्यता तीन आहेत. पहिली, दोन्ही देवी एका जुन्या दैवताच्या शाखा असतील. दुसरी, स्थलांतर करून आलेल्या लोकांनी एकीकडचे नाव दुसरीकडे नेले असेल. तिसरी, नावांचे साम्य योगायोगाचे असेल आणि दोन्हीकडच्या शेतकरी बायांनी आपापल्या गरजेतून आपापल्या देवी घडविल्या असतील. पहिल्या शक्यतेसाठी भाषाशास्त्र हवे. 'रान' आणि 'रनु' यांचे उच्चार नियमाने एकमेकांत बदलतात का, हे तेच सांगेल. दुसरीसाठी इतिहास हवा. थाळनेर हे शिरपूर तालुक्यातले गाव फारुकी सुलतानांच्या आरंभीच्या राजधानीचे. त्यांची थडगी आजही तेथे आहेत. पुढे फारुकींची गादी बऱ्हाणपूरला गेली, आणि तेथील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरला गेला. सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात होता. नंतर थाळनेरही होळकरांकडे होते आणि निमाडचा मोठा भागही. माणसे, बैलगाड्या आणि फौजा सतत ये-जा करीत होत्या, तर गाणी जागची जागी कशी राहतील? त्याहून मागे जायचे, तर पुरातत्त्व आहे. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथील १९५४-५५ च्या उत्खननात माळव्याच्या धाटणीची रंगीत मातीची भांडी सापडली. म्हणजे सातपुड्याच्या अलीकडचा-पलीकडचा व्यवहार इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाइतका जुना आहे.

तिसऱ्या शक्यतेसाठी मानववंशशास्त्र आणि शेतीचे ज्ञान हवे. एक देवी चैत्रात, पीक घरात आल्यावर बसते. दुसरी श्रावणात, पीक शेतात उभे असताना. ऋतू वेगळा, विधी वेगळा, मग नाव सारखे असूनही देवी एक म्हणता येईल का? खानदेशात चैत्र-वैशाखात गौराई असतेच. ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला निरोप घेते. ऋतूच्या हिशेबाने निमाडच्या गणगौरीची जवळीक कानबाईपेक्षा या गौराईशी जास्त दिसते. नाव एकीकडे बोट दाखवते आणि पंचांग दुसरीकडे. अशा वेळी निकाल देण्याची घाई न करता, दोन्ही साक्षी नोंदवून ठेवणे हेच शास्त्र.

आखाजीच्या गाण्यांचे आणखी एक अंग आहे. त्यांत सासुरवाशिणीला माहेरची ओढ लागलेली असते, झोके असतात, न्यायला येणारा भाऊ असतो. याला आपण भावनेची कविता म्हणतो, ते खरेच. पण आखाजी हा खानदेशात सालदारांचे साल ठरण्याचाही दिवस. जुने साल संपते, नवा करार होतो, शेतीच्या कामाला उसंत असते. लेकीला माहेरी आणायला हीच वेळ का, याचे उत्तर या उसंतीत आहे. शेतीचे अर्थशास्त्र माहीत नसेल, तर त्या गाण्यातली ओढ कळेल, पण ती त्याच महिन्यात का लागते हे कळणार नाही.

लिहिता न येणारी कवयित्री

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली गाणी सोपानदेव आणि आप्तांनी टिपून घेतली. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. 'निरक्षर असून इतके थोर काव्य' असे आश्चर्य तेव्हापासून व्यक्त होत आले आहे.

या आश्चर्याकडे तौलनिक दृष्टीने पाहिले, तर त्याचे रूप बदलते. मिलमन पॅरी या अमेरिकन विद्वानाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जाऊन निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. होमरची महाकाव्ये मुळात मौखिक रचनेतून आली असावीत, हे त्याला तपासायचे होते. त्याचे शिष्य अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तोंडी रचनेला स्वतःचे शास्त्र असते, ठरलेली लय आणि ठरलेले शब्दबंध हाताशी घेऊन गायक गाता गाता रचतो, हे त्यातून पुढे आले. ते गायक मैफलीत वीरगाथा गात. बहिणाबाई घरोट फिरवताना आपल्या मनाशी गात. फरक मोठा आहे. पण निरक्षरता म्हणजे साहित्याचा अभाव नव्हे, हा निष्कर्ष दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. ग्रीसच्या होमरला जो न्याय, तोच असोद्याच्या लेकीला.

भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८) हे यावल तालुक्यातील सांगवीचे. त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला, इंग्रजी शिकविले आणि मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे टागोर अध्यासन सांभाळले. इंग्रजीचा मराठीवर झालेला परिणाम त्यांनी समाजभाषाशास्त्र आणि शैलीविचार या दोन्ही अंगांनी तपासला. त्यांच्या 'हिंदू' (२०१०) या कादंबरीचा खानदेशी नायक पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, यात मला तरी नवल वाटत नाही. ज्या मुलखात नांगराला जुनी खापरे लागतात, तेथे कादंबरीकाराला पुरातत्त्व परके कसे वाटेल? त्यांचा देशीवाद सर्वांना मान्य नाही. पण तुलनेसाठी मोजपट्टी नेहमी बाहेरूनच का आणायची, हा त्यांचा प्रश्न टाळता येत नाही.

तुलना कशासाठी?

आता तुम्ही म्हणाल, की हे सारे विद्वानांचे उद्योग. सामान्य माणसाला त्याचे काय? याचे उत्तर आकड्यांत आहे. २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे २० लाख ७५ हजार लोक होते. २०११ मध्ये ते १८ लाख ६० हजारांवर आले. या दहा वर्षांत खानदेशची लोकसंख्या काही घटली नव्हती. भाषा बोलणारी माणसे कमी झाली, की घरात अहिराणी बोलून कागदावर 'मराठी' लिहिणारी वाढली, हे आकडा सांगत नाही. दोन्ही असेल. पण दुसऱ्या कारणामागे संकोच असतो, आणि तो संकोच चुकीच्या तुलनेतून आलेला असतो. शुद्ध आणि अशुद्ध, प्रमाण आणि गावंढळ, वरची आणि खालची अशी ती तुलना असते.

तौलनिक साहित्य शिकवते ती तुलना वेगळी. ती दोन गोष्टी शेजारी ठेवते, एकीला दुसरीच्या डोक्यावर बसवत नाही. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने हीच दृष्टी ठेवली. त्याच्या महाराष्ट्र खंडात (२०१३) प्रमाण मराठीशेजारी बोली आणि आदिवासी भाषांना मानाने जागा मिळाली.

शिरपुरात आज महाविद्यालये आहेत, वसतिगृहे आहेत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचेच नाव आहे. मराठीचा, इतिहासाचा, भूगोलाचा आणि संगणकाचा असे चार विद्यार्थी एकत्र येऊन एका गावातली गाणी नोंदवू लागले, तर त्याला मोठा निधी लागत नाही. मात्र नोंद करताना नुसते शब्द उतरवून भागणार नाही. गाणारी कोणत्या गावची, तिचे माहेर कोठले, गाणे कोणत्या महिन्यात आणि कोणते काम करताना म्हणतात, चाल कशी, तेच गाणे घाटापलीकडे कोणी म्हणते का, हेही लिहायला हवे. यातला प्रत्येक प्रश्न एकेका शास्त्राचा आहे. आणि पावरी गाणे नोंदवायचे तर पावरी बोलणारा विद्यार्थीच पुढे हवा. बाकीच्यांनी त्याच्याकडून शिकावे.

हे काम उद्यावर टाकता येण्यासारखे नाही. दप्तरे वाळवीपासून वाचविता येतात, शिलालेख शेकडो वर्षे टिकतात. गाणे मात्र गाणारीबरोबर जाते. राजवाडे गावोगाव कागद शोधत फिरले, कारण ते कागद रद्दीत जात होते. आज जे जात आहे, ते कागदावर कधी आलेच नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)